छप्पन अंश, तीस मिनिटं

कुपवाड एमआयडीसीत, शेवटच्या गल्लीत,
पत्र्याच्या शेडमागं आमची भट्टी.
भट्टी म्हणजे खोलीच. आत पॅलेट, बाहेर मी,
मध्ये जाड काचेआड लाल आकडे.

तासगाव-सावळजची द्राक्षं रॉटरडॅमला जातात
ती पेटीत, पेटी पॅलेटवर, पॅलेट माझ्या हातून.
द्राक्षाची तपासणी वेगळी, तिचे कागद वेगळे.
माझं काम फक्त लाकडाचं,
म्हणजे लाकडात झोपलेल्या किड्याचं.

फळीच्या गाभ्यात सुई खुपसायची.
गाभा छप्पन अंशांवर आला की घड्याळ लावायचं.
सलग तीस मिनिटं.
मध्ये एकदा जरी पंचावन्न दिसले, पुन्हा शून्य.
मग गॅसवर तापवलेल्या लोखंडाचा शिक्का:
गव्हाची ओंबी, देशाची दोन अक्षरं, आमचा नंबर.

गव्हाचीच का? मी एकदा विचारलं होतं.
शाळूचं कणीस काय वाईट होतं?
मगदूम शेठ म्हणाले, रोमला ठरलंय ते, नदाफ.
तिथं आपल्याला कोण विचारतंय.

कधी कधी मी ती खोली डोळ्यांपुढं आणतो.
लांब टेबल, पाण्याचे ग्लास, कानात दुभाष्याची बोंडं.
एक म्हणत असेल साठ, एक म्हणत असेल पन्नास,
कुणाच्या देशात जंगल दाट,
कुणाच्या देशात भट्टीला वीज नाही,
आणि पहाटे कुणीतरी कंटाळून म्हणालं असेल,
छप्पन. लिहा.
त्या कंटाळ्यावर माझं घर चालतं.

कारण आधी, शेठ सांगतात, दर दाराला वेगळी किल्ली.
हे बंदर धुरी मागायचं, ते बंदर साल सोलून मागायचं,
तिसऱ्याला काय हवंय ते माल पोचल्यावर कळायचं.
आता एक ओंबी.
मी इथं मारतो ती, आणि चिलीत कुणी
माझ्यासारखाच झोप आवरत मारतो ती,
दोन्ही सारख्याच.

पेपरात वाचलं, जिनिव्हात
व्यापाराचे तंटे मिटवणाऱ्या वरच्या पीठाच्या
खुर्च्या कितीतरी वर्षं रिकाम्याच आहेत.
नेमणूकच होऊ देत नाहीत म्हणे.
आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक नळासारखं झालं हे.
पाणी येतं, हंडे भरतात, भांडणंही होतात,
फक्त वायसर गेला तर बसवायचा कुणी
ते कुणालाच माहीत नाही.

मागच्या फेब्रुवारीत, चोविसाव्या मिनिटाला लाइट गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
गेटवर दऱ्याप्पाचा कंटेनर, जतहून रिकामा आलेला,
पुढं पॅकहाउसला जायचा, मग न्हावा-शेवाला.
जहाज थांबणार नव्हतं.
शेठना फोन लावला. ते एवढंच म्हणाले,
बघ तू.

मी बघितलं.
वहीत तीस लिहिले.
वीस पॅलेट, दोन्ही बाजूंना, चाळीस ओंब्या.
लाकूड जळल्याचा वास रोजच्यासारखाच आला.

काही झालं नाही. कुणाचं पत्र आलं नाही.
द्राक्षं गेली, खाल्ली गेली, पैसे आले,
शेठनी दिवाळीत मला जरा जास्तच दिले.

पण त्या बंदरापलीकडं एखादं झाड असेल.
मला त्याचं नाव येत नाही,
पानं कशी, फुलतं कधी, सावलीला कोण बसतं,
काही ठाऊक नाही.
त्यालाही मी ठाऊक नाही.
आमच्या दोघांत एवढीच ओळख होती,
तीस मिनिटांची,
त्यातली सहा मी ठेवून घेतली.

आत्ता काचेआड पंचावन्न पॉइंट आठ.
दऱ्याप्पा आलाय, हॉर्नवर हात ठेवूनच बसलाय.
मी म्हटलं, लगा, खाली उतर, चहा घे.
एक झाल्यावर आणखी एक घे.
डिझेल काठोकाठ भरलंय.
पंचावन्न पॉइंट नऊ.